हनुवटीखालचं टिंब

"तू तिच्यावर थुंकलास."

"थुंकलो नाही. बोललो."

"तुझ्या बाबतीत दोन्ही एकच."

भांडण एवढंच झालं. एकोणीसशे एकाहत्तर सालचा मार्च, महिन्याचा दुसरा मंगळवार, संध्याकाळचे सहा. ग्लेनहोफर गावच्या बंबखान्यात जुनी नाणी जमवणाऱ्यांच्या नाणेमंडळाची बैठक चालली होती, आणि आयडेला स्टॅम्बॉ आतल्या स्वयंपाकघरात कोंबडी-मक्याच्या सुपात पळी घालून उभी होती. वाढायच्या खिडकीतून तिला कुणी दिसलं नाही, पण आवाज ओळखायला बघावं लागतं थोडंच. पहिला आवाज एलवुड झिनचा. गावातल्या मयतांचं सगळं बघायचा तो. दुसरा तिच्या नवऱ्याचा, लमारचा. आपला नवरा कुणा बाईवर थुंकला असं कानावर पडल्यावर कुठलीही बायको करील तेच तिनं केलं. पळी तशीच हातात घेऊन बाहेर आली, ही कोण सटवी ते बघायला.

बाई अठराशे अठरा सालची निघाली. चांदीच्या अर्ध्या डॉलरवरची, टोपीवाली, डावीकडे तोंड करून बसलेली. एलवुडच्या पुढ्यात काळ्या मखमलीवर ती पडली होती आणि तिच्या हनुवटीखाली बारीकसं काहीतरी चमकत होतं. एलवुड म्हणत होता हा थेंब आहे. लमार म्हणत होता थेंब कसला, टिंब आहे, ठशातलंच आहे, मी तोंड उघडायच्या आधीपासून आहे. एलवुडनं पुढे वाद घातला नाही. नाणं कडेला धरून उचललं, पाकिटात घातलं, टोपी चढवली आणि सूप न घेता निघून गेला. जन्मात एलवुड झिन सूप न घेता कुठून उठला नव्हता. तेव्हा आयडेला मनात म्हणाली, हे जड जाणार.

जड म्हणजे किती, तर तेवीस वर्षं.

आता नाणेमंडळाचे नियम तीन. नाणं कडेला धरायचं, ही पहिली गोष्ट. उघड्या नाण्यावर वाकून बोलायचं नाही, ही दुसरी. तोंडातला तुषार चांदीवर उडतो, आज दिसत नाही, वर्षा-दोन वर्षांनी काळा डाग होऊन वर येतो. आणि तिसरा नियम, नाणं कधीही पुसायचं नाही. हा तिसरा नियम तसा सांगायचीसुद्धा गरज नसते, शेजाऱ्याच्या पोराला खाऊ नये हे जसं सांगावं लागत नाही. तरी दर सप्टेंबरात नव्या सभासदांसाठी एलवुड त्यावर पाऊण तास बोलायचा. मयताच्या घरी बोलतो त्याच आवाजात. पुसलेल्या नाण्यांची हकीकत ऐकून एकदा एका बाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

लमारची पंचाईत दुसऱ्या नियमाशी होती. लमार होता न्हावी. मुख्य रस्त्यावर, हत्यारांच्या दुकानाला लागून त्याचं एका खुर्चीचं दुकान. न्हाव्याच्या तोंडाचा पट्टा चालला नाही तर कात्रीही चालत नाही. आणि लमार बोलायला लागला की समोरच्यावर तुषारसिंचन व्हायचं. दुकानातल्या आरशाला तासातासाला फडकं लागायचं. बंबखान्याच्या जेवणाला त्याच्यासमोर बसणारा माणूस डावा हात ताटावर छपरासारखा धरून जेवायचा, आणि हे सगळे करत, पण का करतो ते कुणी बोलत नसे. भल्या माणसाला कसं सांगणार? आयडेलाला तर पहिल्या दिवसापासून ठाऊक. त्यानं लग्नाचं विचारलं तेव्हा तिनं आधी चष्मा पुसला, मग हो म्हटलं.

गावात हे न ठाऊक असलेला माणूस एकच होता, तो स्वतः लमार.

या नाण्यांच्या नादाला तो लागला एकोणिसाव्या वर्षी. मामा वारला, त्याच्या तंबाखूच्या डबीत चांदीचे दोन जुने अर्धे डॉलर निघाले. दोन्ही एकाच सालचे. मामी म्हणाली, एक घे, दोन्ही सारखेच. लमारनं दोन्ही खिडकीत धरले आणि म्हणाला, "मामी, सारखे नाहीत. हिचे केस वेगळ्या हातानं कापलेत."

आणि ते खरंच होतं. त्या काळी टांकसाळीत ठसे हातानं घडवायचे. बाईचं डोकं एकदा ठोकलं की मग तेरा तारे, सालाचे आकडे, गरुडाखालची अक्षरं, एकेक हातोडीनं बसवायची. माणसाचा हात तो, इकडेतिकडे जायचाच. एखादा तारा कलता, एखादा आकडा वर चढलेला. ठसा फार वापरला की तडकायचा आणि त्या तड्यात चांदी घुसून नाण्यावर रेघ उठायची. ओल्या जागी राहिला तर गंजायचा, त्या खड्ड्यात चांदी शिरून टिंब उठायचं. म्हणून एका सालचे अर्धे डॉलर बघणाऱ्याला सगळे सारखे, आणि या लोकांना प्रत्येकाची आई वेगळी दिसते. पुढच्या अंगाचा कुठला ठसा, मागच्या अंगाचा कुठला, अशा सगळ्या जोड्यांचे नंबर छापलेलं एक जाड पुस्तक असतं. लमारकडच्या पुस्तकाला केसांचा वास यायचा आणि पान उलटलं की कुणाच्या तरी मिशीचं टोक पडायचं.

बाकीचे सभासद तारे बघून ठसा ओळखायचे. लमार केस बघायचा. ही बट जाड आली, ही पुसट आली, इथे ठसा घासून पुन्हा लावलाय म्हणून कानावरचे बारीक केस गेले. भिंग डोळ्याला लावायचा आणि जांभई द्यायच्या आत नंबर सांगायचा. एलवुडसुद्धा मान डोलवायचा.

या विद्येचा गावाला त्रास नव्हता असं नाही. लमार माणसं मागून ओळखायचा. दुकानात पाठमोरा बसलेला माणूस कोण, कधी आला होता, मधे दुसऱ्या न्हाव्याकडे गेला होता का, सगळं सांगायचा. तोच माणूस रस्त्यात समोरून आला तर ओळख नाही. नवे पाद्रीबाबा आले तेव्हा सहा महिने तो त्यांना विमा विकणारा समजून टाळत होता. शेवटी ते रागानं पाठ फिरवून निघाले तेव्हा मागून हाक मारली, "अहो पाद्रीबाबा, भेटतच नाही तुम्ही." घरात आयडेलाचे केक भाजायचे चार डबे होते. ती त्यातलं काही काढून पुढे ठेवायची, आणि हा केकच्या कडेला उठलेला डब्याचा पोचा बघून म्हणायचा, "तिसरा डबा. पण पोचा वाढलाय, नंतरची अवस्था." ती म्हणायची, "खा."

एलवुड झिन म्हणजे याच्या उलट. लांब, सडसडीत, पांढरे हातमोजे. शब्द मोजून, आणि तेही हळू. मयताच्या घरी मोठ्यानं बोलणारा माणूस कुणाला हवा असतो? बायको लवकर गेली, एक मुलगी, लोरीन, तिनं वडलांचंच काम हाती घेतलं. त्याची आणि लमारची दोस्ती जमली ती मयतांमुळेच. मयताची दाढी-केस करायला गावात न्हावी एकच. सकाळी नऊला लमार कात्र्यांची पिशवी घेऊन झिनांच्या मागच्या दारानं आत जायचा, बारापर्यंत दोघं काम करायचे, आणि एक गप्प आणि एक बडबड्या असल्यामुळे जोडी छान चालायची. रविवारी एलवुड रस्ता ओलांडून यांच्याकडे जेवायला. बिटात मुरवलेली अंडी त्याला फार प्रिय, सहा-सहा खायचा. मग दोघं नाणी काढून बसायचे.

आणि मग तो मंगळवार आला. एलवुडला 'लंगडा तारा' मिळाला होता. त्या मंडळींनी ठशांच्या जोड्यांना आपापसांत नावं पाडलेली असतात, त्यातली ही एक. बाईच्या उजवीकडे वरून दुसरा तारा कलंडलेला, आणि त्याच्यापासून निघालेला तडा बाईच्या टोपीला जाऊन भिडलेला. फार थोडी नाणी शिल्लक. एलवुडला मिळालं ते तर टांकसाळीतून जणू कालच बाहेर पडलेलं. त्यानं ते सगळ्यांत आधी लमारपुढे ठेवलं. लमार वाकला, भिंग लावलं, आणि त्याच्या तोंडून दोन शब्द निघून गेले. दोनच. काय बोललो ते नंतर त्यालाही आठवेना.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. आणि गंमत अशी की मंडळात कुणाला कळलंच नाही. दर महिन्याला दोघं त्याच टेबलाला बसायचे, नाणी हातोहात सरकवायचे, भिंग लावायचे, मान हलवायचे. तिथे बोलतं कोण? अकरा वर्षांनी अध्यक्ष आयडेलाला म्हणाले, तुमच्या यजमानांची आणि झिनची दोस्ती बघून बरं वाटतं, एका शब्दानं कधी भांडले नाहीत. आयडेला म्हणाली, एका शब्दानंसुद्धा नाही.

धंदा मात्र अडत नव्हता. कुणी गेलं की एलवुड फोन करायचा, आणि फोन आयडेलानंच घ्यायचा असा शिरस्ता पडला.

"आयडेला, उद्या नऊला एकजण आहे."

लमार शेजारीच पेपर वाचत असायचा. "विचार त्याला, केस आहेत का टक्कल."

"त्याला सांग, कडेनं आहेत."

"त्याला विचार, भांग कुठला."

"त्याला म्हणावं, फोटो ठेवलाय."

एकमेकांचा आवाज दोघांना लख्ख ऐकू जायचा. आयडेला नुसतीच फोन धरून उभी असायची, भिंतीतल्या खिळ्यासारखी. एकदा तिनं फोन टेबलावर ठेवून दिला आणि कोबी चिरायला गेली. दोघांचं संभाषण नीट पार पडलं, आणि तरीही ते बोलले नाहीत, असंच दोघं धरून चालले. दुसऱ्या दिवशी मयतावर वाकून तीन तास शेजारी शेजारी काम, ओठ शिवलेले. लमारला ते किती अवघड जायचं ते घरी आल्यावर कळायचं. तीन तासांचं बोलणं तो जेवताना एकदम काढायचा, आणि आयडेला ताटावर हात धरायची.

पण त्याला खरं लागलं होतं ते बोलणं बंद झाल्याचं नाही. एलवुड आपल्याला नाण्यावर थुंकणारा माणूस समजतो, हे त्याच्या घशात हाडासारखं अडकलं होतं. नाण्यांच्या माणसाला याच्याएवढी शिवी नाही. मयतावर शिंकला म्हटलं असतं तर त्यानं ऐकून घेतलं असतं. तो आयडेलाला सांगायचा, ते टिंब ठशातलं आहे, मी डोळ्यानं बघितलं, एलवुड दाखवत नाही म्हणून, नाहीतर आत्ता सिद्ध करतो. एलवुड खरंच दाखवत नव्हता. त्यानं ते नाणं बँकेच्या तिजोरीत टाकलं ते टाकलं. अध्यक्षांनी मागितलं तरी नाही. कुणाचा श्वाससुद्धा नको म्हणाला.

मग लमारनं वेगळा मार्ग काढला. एलवुडचं नाणं बघायला मिळत नाही ना, मग त्याच ठशाचं दुसरं नाणं शोधायचं. ठशात गंजाचं टिंब असेल तर ते एका नाण्यावर येऊन थांबणार नाही, त्यानंतरच्या प्रत्येक नाण्यावर येणार. दुसऱ्या लंगड्या ताऱ्यावर हनुवटीखाली टिंब दिसलं की लमार स्टॅम्बॉ सुटला.

तेव्हापासून दर शुक्रवारी बाजार. कर्व्हिन लेर नावाच्या एका जाड्या माणसाचा तिथे जुन्या नाण्यांचा गाळा होता, एका बाजूला लोणची, दुसऱ्या बाजूला डुकराच्या मांसाचे सॉसेज. लमार त्याच्याकडून अर्ध्या डॉलरचा ट्रे मागून घ्यायचा आणि एकेका बाईचे केस बघायचा. कर्व्हिनला सवय झाली होती, ट्रेवर तो आधीच काच ठेवायचा. बाजार झाला की लांबच्या गावांची नाण्यांची प्रदर्शनं. आयडेला गाडी चालवायची, ब्रेडमधे सॉसेज घालून द्यायची आणि दारात विणत बसायची. तेवीस वर्षांत तिनं अख्ख्या गावाला पुरतील एवढे मोजे विणले. तिला टिंबाशी देणंघेणं नव्हतं. तिच्या टेबलाची तिसरी खुर्ची रविवारी रिकामी राहायची आणि अंडी उरायची, एवढंच तिला दिसत होतं. आणि उत्तर तर तिला तोंडपाठ होतं. अरे बाबा, थुंकलास तू, तू तर झोपेतसुद्धा थुंकतोस. पण तो आशेनं भिंग पुसायचा ते बघून जिभेवर आलेलं ती गिळायची.

नवव्या वर्षी पहिला लंगडा तारा मिळाला. लमार प्रदर्शनाच्या दारातून असा धावत आला की तिला वाटलं आत आग लागली. गाडीच्या टपावर रुमाल अंथरून त्यानं नाणं ठेवलं. कलता तारा होता. टिंब नव्हतं. पण तडासुद्धा अर्धाच होता, टोपीला पोचलेलाच नव्हता. म्हणजे हे एलवुडच्या आधीचं नाणं, ठसा अजून गंजायचा असेल. लमार म्हणाला, यानं काहीच सिद्ध होत नाही, आपल्याला नंतरचं हवं. आणि शुक्रवार पुन्हा सुरू झाले.

मधे दुकान बंद केलं, गुडघे बोलायला लागले म्हणून. मयतांचं काम तेवढं ठेवलं. ते गिऱ्हाईक हलत नाही आणि आरशात बघत नाही.

नंतरचं नाणं मिळालं ते चौऱ्याण्णवच्या ऑक्टोबरात. कुठल्या मोठ्या प्रदर्शनात नाही, कर्व्हिनच्याच ट्रेमधे. ते काय नाणं आहे हे कर्व्हिनला माहीत नव्हतं. लमारनं ते घेतलं, घरी आला, खिडकीपाशी बसला. आयडेला जेवायला हाका मारून थकली. शेवटी आला तो पांढराफटक, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "आयडा, मी थुंकलो."

तिनं दचकून ताट मागे ओढलं. "कशात?"

"आत्ता नाही. तेव्हा."

मग सांगितलं. या नाण्यावर तडा टोपी ओलांडून पार केसांत शिरला होता. म्हणजे एलवुडच्या नंतरचं. आणि हनुवटीखाली टिंब नाही. ठशातला खड्डा आपोआप बुजत नाही. टांकसाळीवाल्यांनी ठसा घासून टिंब काढलं असेल म्हणावं, तर घासल्यावर आधी कानावरचे बारीक केस जातात. ते केस सगळेच्या सगळे जागेवर होते. एकही कमी नाही. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, असेल घासला, कोण बघतंय. पण हे केस बघणारा माणूस अख्ख्या राज्यात एकच होता, आणि त्यालाच ते दिसले होते.

आयडेलानं त्याच्यापुढे ताट सरकवलं. मी पहिल्यापासून ओळखून होते, असं काही ती म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "मग आता?"

"सांगायला हवं त्याला."

"फोन लावून देऊ?"

"नको. तू मधे नको. मी सांगतो."

मंगळवारी झिनांकडे काम होतंच. टपालखात्यातले म्हातारे ग्रोह गेले होते. आयडेला या वेळी घरी थांबली नाही. लोरीनसाठी अंड्यांची बरणी आणली होती, ती तिला दिली आणि मागच्या दाराशी बाकावर बसली. लोरीन पुढच्या दालनात फुलं लावायला गेली. दार अर्धवट उघडं होतं. आत ग्रोह झोपलेले, एका बाजूला लमार कानाजवळचे केस सरळ करतोय, दुसऱ्या बाजूला एलवुड टायची गाठ बसवतोय.

"एलवुड," लमार म्हणाला.

एलवुड ताडकन दोन पावलं मागे सरला आणि ग्रोहांकडे बघायला लागला. पन्नास वर्षांच्या धंद्यात त्याला असं कुणी हाक मारली नव्हती. आणि लमार तर आता बोलणाऱ्यांतला नव्हता, मग राहिलं कोण? त्यानं वाकून ग्रोहांच्या नाकापाशी हात धरला.

"अरे, मी बोलतोय. इकडे."

एलवुडनं मान वर केली. लमारनं कात्री ठेवली, हात पुसले, खिशातून दोन पाकिटं काढली आणि ग्रोहांच्या छातीवरच्या चादरीवर दोन नाणी शेजारी शेजारी ठेवली. मग चांगला तीन हात मागे झाला, भिंतीला टेकला, आणि तिथून बोलला.

"डावीकडचं तुझ्या आधीचं, उजवीकडचं नंतरचं. तडा बघ. केस बघ. टिंब कशावरच नाही. माझीच थुंकी ती. तेवीस वर्षं तुला खोटं पाडत फिरलो."

एलवुडनं भिंग लावलं. हे बघितलं, ते बघितलं. मग पुन्हा हे. हातमोजे काढले आणि नातेवाइकांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर बसला. आयडेलाला बाकावर त्याचा श्वास ऐकू येत होता.

"थेंब होता हे मला माहीत होतं," तो शेवटी म्हणाला. "कारण पुसल्यावर तो गेला."

लमार भिंतीपासून सुटला. "काय केल्यावर?"

"पुसलं मी. त्याच संध्याकाळी. बंबखान्याच्या बाहेर, गाडीत बसून. राहवेना मला. रुमालानं पुसलं."

"ओल्या?"

"कोरड्या."

लमारनं टेबलाची कड धरली. "सरळ पुसलंस, का गोल?"

एलवुड खाली बघून म्हणाला, "गोल."

कुणी सांगितलं असतं की या माणसानं दोन खून केलेत, तर लमारला त्याच्यासाठी काही कारण सुचलं असतं. याला सुचेना. एलवुडच्या तोंडाला मात्र आता वाट फुटली होती. थेंब गेला, पण बाईच्या गालापासून हनुवटीपर्यंत बारीक ओरखडे उठले, मांजर चाटून गेल्यासारखे. नव्यासारखं नाणं त्यानं स्वतःच्या हातानं नासवलं. म्हणून तिजोरीत टाकलं, म्हणून कुणाला दाखवलं नाही. पहिले काही महिने लमारचा राग होता, नंतर राग कुणाचा आहे तेच समजेना. बोलायला जावं तर बोलणं नाण्यावर येणार, नाण्यावर आलं की लमार म्हणणार दाखव. आणि वर दर सप्टेंबरात ते भाषण.

"ते भाषण," लमार म्हणाला. "अरे, त्या भाषणात ती बाई रडली होती."

"मीही रडायचो. लोकांना वाटायचं, किती जीव लावून बोलतो."

पहिलं कोण हसलं ते आयडेलाला दिसलं नाही. पण एकदा सुरू झालं ते थांबेना. एलवुड झिनचं हसणं गावात कुणी ऐकलेलं नव्हतं, ते बंद पडलेल्या पंपासारखं निघालं. पुढच्या दालनातून लोरीन फुलं हातात घेऊन धावत आली. आयडेला उठली, दार लोटून आत बघितलं आणि म्हणाली, "मिस्टर ग्रोह ताटकळलेत. दुपारी त्यांची माणसं येणार."

दोघं निमूटपणे कामाला लागले. ग्रोहांचा भांग त्या दिवशी थोडा वाकडा निघाला, पण घरच्यांनी म्हटलं, अगदी होते तसेच दिसतात.

बाराला काम संपल्यावर तिघं बँकेत गेले. नाणं बाहेर निघालं, बाईच्या गालावरचे ओरखडे उजेडात लख्ख दिसले. लमारनं तोंडावर रुमाल धरून बघितलं आणि रुमालातून म्हणाला, केस मात्र तू सोडलेस, ते बरं केलंस. एलवुडनं एकच मागणं मागितलं, मंडळात सांगू नको. आता लमारच्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक. पाद्रीबाबांच्या बायकोचं गुपित त्यानं पाद्रीबाबांनाच सांगितलं होतं. पण हे एवढं त्यानं ठेवलं. सप्टेंबरात एलवुड उभा राहून नाणी पुसू नका म्हणायला लागला की लमार शेवटच्या रांगेत बसून मान डोलवायचा, आणि आयडेला खिडकीतून दोघांवर डोळा ठेवायची.

रविवारची अंडी पुन्हा पुरेनाशी झाली. आणि तीन नाणी एका डबीत ठेवायचं ठरलं. आधीचं, मधलं, नंतरचं. तडा अर्ध्यावर, मग टोपीला, मग केसांत. तिन्ही एकत्र असली तर त्याला अर्थ, एकेकटी काय करायची? पण ठेवायची कुणाकडे यावर दोघं आठवडाभर भांडले, या वेळी तोंडानं. शेवटी एक महिना यांच्याकडे, एक महिना त्यांच्याकडे. महिन्याचा पहिला रविवार, प्रार्थना झाल्यावर, डबी रस्ता ओलांडणार.

असं तीन वर्षं चाललं. सत्त्याण्णवच्या नोव्हेंबरात, बुधवारी पहाटे लमार झोपेतच गेला, एक्क्याऐंशीव्या वर्षी. त्याची दाढी करायला गावात कुणी उरलं नव्हतं. एलवुडनं ती स्वतः केली, आणि कानापाशी थोडी चुकली असं त्याचं त्यालाच वाटत राहिलं. आयडेला म्हणाली, कान झाकायला टोपी घालू.

पण त्याच्या आधीचा रविवार महिन्याचा पहिला होता. प्रार्थनेहून आल्यावर लमारनं चांगला कोट काढून ठेवला आणि रोजचा घातला. कपाटातून डबी काढली, उघडली, तिन्ही बायका जागेवर आहेत बघितलं, झाकण लावलं. आयडेला म्हणाली गार आहे, मफलर घे. तो म्हणाला समोर तर जायचंय, आणि घेतला. पायऱ्या उतरला, फुटपाथच्या कडेला थांबला, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. गाडी एकही नव्हती. तरी एक येऊन जाईपर्यंत थांबावं तसा थांबला, मग गेला. समोर एलवुड दार उघडून उभाच होता. दोघं दारातच उभे राहिले. लमारचे हात हलत होते आणि एलवुड डबी पाठीमागे धरून ऐकत होता. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. आयडेलानं खिडकीची काच वाजवली.

लमार परत आला, टोपी खुंटीला अडकवली, म्हणाला एलवुडनं पायऱ्यांवरची पानं झाडलेली नाहीत, कुणीतरी पडेल एक दिवस. मग मफलर काढला, चाकू घेतला आणि बटाटे सोलायला बसला.